बाकीच्यांचा संघ

वडिलांकडून मुलाकडे काय काय येते याची यादी करायला बसले, तर आमच्या वसईत ती लवकर संपत नाही. वाडीचा तुकडा येतो आणि त्याबरोबर भावकीतला बांधाचा वादही येतो. ओटीवरची येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर येते. आडनाव येते. या साऱ्यांची कुठे ना कुठे नोंद असते. वाडीची सातबाऱ्यावर, आडनावाची चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत. मैदानावर कोणासाठी ओरडायचे, कोण बाद झाला की जेवण गोड लागायचे नाही, हा वारसा मात्र कुठल्याच वहीत सापडत नाही. तो बापाच्या तोंडून मुलाच्या कानात पडतो आणि तिथेच राहतो.

आमच्या घरी हा वारसा एका आकड्याच्या रूपाने आला. तीनशे नऊ. संध्याकाळची जपमाळ आटोपली की वडील ओट्यावर येऊन बसत. बोलणे कुठूनही सुरू झालेले असो, पानवेलीवर पडलेल्या रोगावरून किंवा केळीच्या घसरलेल्या भावावरून, ते केव्हातरी ब्रेबर्न मैदानावर जाऊन पोहोचे. ‘आपल्या हजारेंनी एकट्यांनी तीनशे नऊ धावा केल्या,’ ते म्हणत. आम्ही विचारीत, ‘बाबा, मग जिंकलं कोण?’ त्यावर ते क्षणभर आमच्याकडे पाहत आणि पुन्हा म्हणत, ‘तीनशे नऊ. आणि विवेकच्या एकवीस.’ सामना कोणी जिंकला हे त्यांच्या तोंडून आम्हांला कधीच कळले नाही. पुढे कॉलेजात गेल्यावर ते एका जुन्या पुस्तकात वाचले आणि मग त्यांच्या त्या मौनाचा अर्थ हळूहळू ध्यानात येऊ लागला.

आज त्या सामन्याची आणि त्या संघाची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे वाटते. कारण तो संघ पाहिलेली पिढी आता आपल्यात जवळजवळ उरलेली नाही.

मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास हा धर्मवार संघांचा इतिहास आहे. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे प्रेसिडेन्सी सामने होत असत. १९०७ साली हिंदूंचा संघ आला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला आणि ते चौरंगी झाले. मुंबईच्या लोकजीवनात या चौरंगी सामन्यांना जे स्थान होते त्याची कल्पना आज येणे कठीण आहे. धर्माच्या नावाने खेळल्या जाणाऱ्या या सामन्यांत धर्माच्या आतले प्रश्नही मैदानावर येत. चर्मकार समाजात जन्मलेल्या पळवणकर बाळूंसारख्या थोर गोलंदाजाला हिंदूंच्या संघाने कधी कर्णधार केले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना तो मान १९२३ साली मिळाला आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण तो विसरून या स्पर्धेविषयी एकतर्फी निवाडा देऊ नये एवढ्यासाठी इथे नोंदविला.

या चौकटीत आपण कुठे होतो? कुठेच नव्हतो. मरीन ड्राइव्हवर इतर समाजांच्या जिमखान्यांप्रमाणे कॅथलिक जिमखानाही उभा आहे. पण चौरंगीत भारतीय ख्रिस्ती माणसाला खेळायला संघ नव्हता. तो पारशी नव्हता, हिंदू नव्हता, मुसलमान नव्हता, आणि त्याचा देव युरोपियनांचाच असला तरी युरोपियनांच्या संघात त्याला जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. अखेर १९३७ साली पाचवा संघ निघाला आणि सामने पंचरंगी झाले. या पाचव्या संघात भारतीय ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध असे सगळे एकत्र घातले होते. कधीकधी सिलोनचे खेळाडूही त्यात असत. त्याचे नाव होते ‘द रेस्ट’. मराठीत त्याला ‘इतर’ म्हणा, ‘शेष’ म्हणा किंवा सरळ ‘बाकीचे’ म्हणा. पंक्तीत सगळ्यांना वाढून झाल्यावर जे उरतात, ते बाकीचे.

या नावाने आमच्या वडिलांच्या पिढीला काही अपमान वाटला असेल काय? आम्ही तशी विचारणा एकदा केली होती. वडील हसले. ‘नाव काय घेऊन बसलास, आत तर शिरलो!’ असे त्यांचे उत्तर होते.

ते स्वतः त्या मैदानात शिरले, त्याला आगगाडी कारण झाली. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने विजेची गाडी १९३६ साली बोरिवलीवरून पुढे विरारपर्यंत आणली. पुढच्याच वर्षी, १९३७ साली, चर्चगेट स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर ब्रेबर्न स्टेडियम उभे राहिले. आणि त्याच वर्षी बाकीच्यांचा संघ निघाला. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण आमच्या निर्मळ, गास, नंदाखाल, भुईगाव या पट्ट्यातल्या तरण्या पोरांच्या आयुष्यात त्या एकाच वेळी आल्या. पहाटे केळी, भाजी, फुले, विड्याची पाने घेऊन मुंबईच्या बाजाराला जाणाऱ्यांचा रस्ता ठरलेला होता. नालासोपाऱ्यापर्यंत चालत किंवा बैलगाडीने, तिथून गाडीने मुंबई. माल उतरला, पैसे हातात आले की परतीच्या गाडीपर्यंतचा वेळ आपला. घरी उशीर का झाला याला गाडी चुकल्याचे कारण तयारच असे.

१९४३ च्या डिसेंबरात आमचे वडील अठरा वर्षांचे होते. महायुद्धाचे दिवस, मुंबईत रेशन सुरू झालेले, बंगालात दुष्काळ. तशा काळात त्यांनी आपल्या काकांबरोबर टोपल्या उतरविल्या आणि स्वस्तातल्या बाकांवर जागा मिळवून एक दिवसाचा खेळ पाहिला. बाकीचा सामना त्यांनी ऐकला. गावात रेडिओ एखाद्याच घरी असे. बॉबी तल्यारखान एकटेच तासन् तास बोलत, आणि त्यांचे इंग्रजी ज्यांना कळे ते बाकीच्यांना आपल्या सामवेदी बोलीत सांगत. बाकीच्यांचा संघ, आणि समालोचन ऐकणारेही बाकीचे, असा तो थाट!

आता ज्यांच्यासाठी हे सारे, त्या खेळाडूविषयी. विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळामास्तर, घरात आठ मुले. ऑस्ट्रेलियाचे प्रख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. बोलणे कमी, खेळ धीराचा. मैदानावर आरडाओरडा नाही, हातवारे नाहीत. १९३९-४० च्या मोसमात पुण्याला महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्रिशतक काढणारे ते पहिले भारतीय.

हजारे प्रॉटेस्टंट होते, हे इथे सांगितलेच पाहिजे. ज्या काळाची ही गोष्ट आहे तो काळ द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या पुष्कळ आधीचा. प्रॉटेस्टंटांच्या प्रार्थनामंदिरात पाऊल टाकणे हे आपल्या लोकांना निषिद्ध वाटे. त्यांच्याशी सोयरीक ही तर दूरची गोष्ट. पण ब्रेबर्नवर हा प्रश्न कोणाला आठवला असे आम्ही ऐकले नाही. विश्वपरिषद भरण्याआधी वीस वर्षे आमच्या गावांनी हजारेंना आपल्यात घेऊन टाकले होते. ख्रिस्ती ऐक्याचे काम कधीकधी बिशपांच्या आधी फलंदाजही करतात.

या आपलेपणाला आणखी एक कारण होते, आणि आमच्या मते तेच खरे कारण. वसईच्या कॅथलिक माणसाचे आडनाव डिसोजा, लोपीस, परेरा, तुस्कानो. त्याची बोली मात्र मराठीच्या पोटातली. मुंबईत नाव सांगितले की समोरचा इंग्रजीत बोलू लागतो, आणि मराठीत उत्तर दिले की चकित होतो. ‘तुम्ही ख्रिस्ती, मग मराठी इतकं चांगलं कसं बोलता?’ हा प्रश्न आम्हांला कॉलेजात विचारला गेला, नोकरीत विचारला गेला, आणि आमच्या मुलांनाही तो चुकलेला नाही. हजारेंच्या वाट्याला याच्या उलटे आले. त्यांचे आडनाव अस्सल मराठी. ‘सॅम्युअल’ हे नाव व्ही. एस. मधल्या एका अक्षरात मिटून गेलेले. त्यांना पाहून ते ख्रिस्ती आहेत हे कोणाला उमगत नसे, आणि आम्हांला पाहून आम्ही मराठी आहोत हे कोणाला पटत नसे. आमच्या वडिलांच्या पिढीला या एका माणसात दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, कसलाही खुलासा न देता. ‘हजारे आहेत ना आमचे,’ एवढे म्हणून पुष्कळांनी आपली बाजू मांडली असेल. आम्हीही मांडली आहे.

१९४३ च्या त्या स्पर्धेला विजय मर्चंट आणि विजय हजारे यांच्यातल्या चुरशीची पार्श्वभूमी होती. दोघांची नावे एक, दोघांची चिकाटी सारखी. या सामन्यांतला वैयक्तिक धावांचा उच्चांक मर्चंटांच्या नाबाद २४३ चा होता. तो त्यांनी १९४१ साली केला होता. १९४३ च्या स्पर्धेत बाकीच्यांची गाठ मुसलमानांच्या संघाशी पडली, तेव्हा हजारेंनी २४८ धावा काढून तो मोडला. अंतिम सामन्यात बाकीच्यांपुढे हिंदूंचा संघ आला. मर्चंटांनी नाबाद २५० धावा काढल्या आणि उच्चांक परत घेतला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला.

बाकीच्यांचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. त्यांतल्या ५९ हजारेंच्या. फॉलोऑन आला. दुसऱ्या डावातही गडी एकामागून एक परत येऊ लागले, आणि मग हजारेंच्या जोडीला त्यांचे बंधू विवेक आले.

यापुढचे आमचे वडील ज्या रीतीने सांगत ती रीत अशी. ते आधी विवेकचे सांगत. विवेक हजारे काही मोठे फलंदाज नव्हते. त्यांनी एकच काम अंगावर घेतले: बाद व्हायचे नाही. चेंडू येई, ते बॅट पुढे करीत, चेंडू पायाशी पडून राही. धावा काढायच्या त्या भावाने. दोघांची भागीदारी ३०० धावांची झाली आणि तीत विवेकचा वाटा होता २१ धावांचा. वडील इथे हात जमिनीकडे नेऊन चेंडू कसा मरून पडे ते दाखवीत. मग ते विजय हजारेंकडे वळत; आणि त्यांच्याविषयी मात्र फारसे काही बोलत नसत. जणू तो भाग सर्वांना ठाऊकच आहे. डाव संपला तेव्हा संघाच्या ३८७ धावा झाल्या होत्या आणि त्यांतल्या ३०९ एका माणसाच्या होत्या. उरलेले दहा फलंदाज आणि अवांतर धावा मिळून अठ्ठ्याहत्तर.

पूर्ण झालेल्या डावात एकाच खेळाडूने संघाच्या धावांचा एवढा मोठा हिस्सा उचलण्याचा हा प्रथम श्रेणी क्रिकेटमधला जागतिक विक्रम होता. तो १९७७ साली न्यूझीलंडच्या ग्लेन टर्नर यांनी वूस्टरशायरकडून खेळताना मोडला. संघाच्या १६९ पैकी नाबाद १४१. तोवर चौतीस वर्षे तो बाकीच्यांच्या संघाच्या नावावर राहिला.

आणि निकाल? हिंदूंचा एक डाव आणि ६१ धावांनी विजय. बाकीचे हरले, आणि दणकून हरले. १९३७ पासून स्पर्धा बंद होईपर्यंत त्यांनी ती एकदाही जिंकली नाही.

हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा खरे सांगायचे तर फसविले गेल्यासारखे वाटले. ओट्यावर इतकी वर्षे ऐकलेली गोष्ट पराभवाची होती! वडिलांनी निकाल लपविला होता काय? आज तसे वाटत नाही. आमच्या लोकांत दुसऱ्या पुष्कळ गोष्टी अशाच सांगतात. कोणत्या वर्षी भरतीचे पाणी आले आणि वाडीत खार शिरला हे एका वाक्यात संपते. त्या वर्षी आजीने काय विकून घर चालविले हे मात्र तासभर चालते. निकाल गाळला गेला तो खोटेपणाने नव्हे. सांगणाऱ्याला जे महत्त्वाचे वाटले तेवढे त्याने पुढे दिले.

हजारेंच्या पुढच्या कारकिर्दीतले जे प्रसंग आमच्या घरी आवडीने सांगितले जात तेही याच जातीचे. जानेवारी १९४८, अॅडलेड. समोर ब्रॅडमनचा संघ, लिंडवॉल आणि मिलर यांची गोलंदाजी. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केलेल्या. ब्रॅडमनच्या २०१, आणि त्यांचा त्रिफळा उडविला तोही हजारेंनीच. पहिल्या डावात हजारेंच्या ११६. दुसऱ्या डावात भारताचे सहा फलंदाज शून्यावर बाद झाले, लिंडवॉलने ३८ धावांत ७ बळी घेतले, आणि हजारेंनी १४५ काढल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय. सामना भारताने एक डाव आणि १६ धावांनी गमावला. पुढे जून १९५२ मध्ये लीड्सला दुसऱ्या डावात धावफलकावर एकही धाव नसताना भारताचे चार गडी बाद झाले होते. ट्रूमन नावाचा तरुण पहिलाच कसोटी सामना खेळत होता. कर्णधार हजारे खेळायला उतरले आणि दत्तू फडकरांबरोबर १०५ धावांची भागीदारी करून अब्रू राखली. तोही सामना आपण हरलो.

वाचकहो, असे समजू नका की हजारेंच्या नशिबी हरणेच होते. १० फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळविला. विनू मांकड यांनी त्या सामन्यात १२ गडी बाद केले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके काढली. संघाचे कर्णधार हजारे होते. गंमत अशी की हा विजय आमच्या घरी क्वचितच सांगितला गेला. बहुधा त्यात सांगण्यासारखे पुष्कळ इतरांनी केले होते म्हणून.

पंचरंगी सामने पुढे बंद झाले. त्यांच्याविरुद्ध मत अनेक वर्षे तयार होत होते. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटली, तेव्हा त्यांनी आपली सहानुभूती हे सामने थांबवू पाहणाऱ्यांकडे आहे असे स्पष्ट सांगितले. महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे संघ आपण समजू शकतो. हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या वर्षी हिंदूंचा संघ उतरला नाही. १९४२ साली, ‘चले जाव’च्या वर्षी, स्पर्धाच भरली नाही. १९४५-४६ चा मोसम शेवटचा ठरला.

गांधीजींचे म्हणणे योग्य होते याविषयी आमच्या मनात संदेह नाही. देश धर्माच्या नावाने फाटत असताना मैदानावर धर्मांची झुंज लावणे शहाणपणाचे नव्हते. तरीही या प्रश्नाकडे ज्यांनी आजवर पाहिले ते बहुधा मोठ्या संघांच्या बाजूने. हिंदूंच्या खेळाडूला स्पर्धा बंद झाल्याने काय कमी पडले? त्याला मुंबईचा संघ होता, देशाचा संघ होता. वडिलांना आम्ही याविषयी छेडले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बंद झाले ते बरेच झाले. पण आमच्याकडे तेवढाच एक होता.’

यावर वाद घालण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते. मात्र इतिहास पाहिला तर हजारेंनी स्वतः याचे उत्तर मैदानावर दिले आहे. पंचरंगी बंद झाल्यानंतर वर्षभरातच, मार्च १९४७ मध्ये, रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध त्यांनी आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. फाळणीला पाच महिने उरले होते. सांगलीचा ख्रिस्ती आणि लाहोरचा मुसलमान, दोघे बडोद्याच्या गायकवाडांच्या संस्थानासाठी खेळत होते. ती भागीदारी २००६ सालापर्यंत प्रथम श्रेणीतली कोणत्याही गड्यासाठीची सर्वांत मोठी भागीदारी राहिली. त्या वर्षी श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा करून ती मागे टाकली. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले आणि त्या देशाकडूनही एक कसोटी खेळले. ‘बाकीच्यां’साठी वेगळा संघ नसला तर काय होते हे सांगायला आणखी पुरावा कशाला हवा? पण वडिलांनी पाहिला होता तो ब्रेबर्नवरचा डाव, बडोद्याचा नव्हे. आणि माणसाचे प्रेम त्याने पाहिलेल्या डावावर बसते.

प्रेम बसले की हिशेबही सुरू होतो. संघाची यादी वर्तमानपत्रात आली की त्यात ‘आपला’ कोण हे आधी शोधायचे, ही सवय आम्हांला याच वारशातून लागली. १९४८ साली लंडनला सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघातले लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी व्हाझ ही नावे आमच्या काकांना जपमाळेच्या रहस्यांइतकी पाठ होती. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारत ४-२ असा जिंकला आणि उपांत्य फेरीत गेला. तेव्हा शेवंतीच्या वाडीत काम थांबले होते म्हणतात. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई. नाव गोव्याचे, वास्तव्य मुंबईचे, आणि हक्क सांगणारे आम्ही वसईकर!

आमच्या स्वतःच्या पिढीच्या वाट्याला चंदू बोर्डे आले. तेही मराठी ख्रिस्ती, पुण्याचे, आणि बडोद्याच्या संघात हजारेंच्या हाताखाली वाढलेले. वडिलांनी त्यांना आमच्या हाती सोपविले ते जवळजवळ विधिपूर्वक. १९५९ साली दिल्लीला वेस्ट इंडीजच्या तोफखान्यापुढे बोर्डे यांनी १०९ आणि ९६ धावा काढल्या. दुसरे शतक चार धावांवर असताना ते स्वयंचीत झाले, आणि आमच्या घरी शोककळा पसरली होती असे आई सांगे. ऑक्टोबर १९६४ मध्ये ब्रेबर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटचे दोन गडी उरलेले असताना बोर्डे यांनी विजय मिळवून दिला, नाबाद ३०. आम्ही बारा वर्षांचे होतो. शेजारच्या ओट्यावरच्या ट्रान्झिस्टरभोवती जमलेल्यांत आमच्याच धर्मग्रामातले लोक होते असे नव्हे. आगरी होते, वाडवळ होते, सोपाऱ्याचे मुसलमान व्यापारी होते. बोर्डे ख्रिस्ती आहेत हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नव्हते. आम्ही मोठ्या अभिमानाने ते सांगू लागलो, तर वडिलांनी डोळ्यांनीच गप्प केले. वर्षानुवर्षे ‘आपले हजारे’ म्हणणाऱ्या माणसाने असे का करावे हे त्या वेळी समजले नाही. आज वाटते की ज्या मैदानावर आपल्याला आत शिरायला वेगळा दरवाजा लागत होता, तिथे आता दरवाजाच उरला नाही याचा त्यांना आनंद झाला होता, आणि तो आम्ही आमच्या बडबडीने नासवू नये असे त्यांना वाटले असावे.

आता विरारच्या गाडीतून क्रिकेटचे किट पाठीवर घेऊन जाणारी पोरे रोज दिसतात. त्यांचा आदर्श विरारमध्ये वाढलेला पृथ्वी शॉ. पहाटेच्या गाडीने बापाबरोबर वांद्र्याला सरावाला जाणारा हा मुलगा २०१३ साली हॅरिस शिल्डच्या सामन्यात ५४६ धावा काढून गेला, आणि २०१८ साली राजकोटला पहिल्याच कसोटीत शतकही. आमचा नातू त्याची प्रत्येक खेळी सांगतो. पुढे पृथ्वीच्या वाट्याला संघाबाहेर बसण्याचे दिवस आले, त्याविषयी मात्र नातू फारसे बोलत नाही. आम्हीही विचारीत नाही.

विजय हजारे १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्याला वारले. नाताळ आठवड्यावर आला होता. अंगणात गोठ्याची तयारी चालली होती, मुलांनी गवत आणून टाकले होते. वडील तेव्हा ऐंशीच्या घरात होते. डोळ्यांना कमी दिसे, म्हणून वर्तमानपत्र आम्हीच मोठ्याने वाचून दाखवीत असू. त्या दिवशी आलेल्या पत्रात हजारेंविषयी बराच मजकूर होता: मद्रासचा विजय, अॅडलेडची दोन शतके, तीस कसोटी सामने, सात शतके, ब्रेबर्नवरच्या तीनशे नऊ. वडिलांनी सारे डोळे मिटून ऐकले. वाचून झाले तेव्हा त्यांनी विचारले,

‘विवेकच्या एकवीस दिल्यात का?’

आम्ही पुन्हा वरपासून पाहिले. त्या पत्राने दिल्या नव्हत्या.